बिल्ल्याची मागची बाजू

दाजी, परवा तुमच्या अंगणात सतरंजीवर बसलेली सगळी माणसं तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होती. कुणाला तुम्ही पोहायला शिकवलं होतं, कुणाला दोरीच्या गाठी, कुणाच्या बापाला समजावून त्याची शाळा चालू ठेवली होती. मग कुणीतरी फार मायेनं म्हणालं, की शेवटी शेवटी मास्तरांचा हात राहिला नव्हता बिचाऱ्यांचा. चार जणांनी मान हलवली. एकानं येळवशीच्या अमावास्येचा, शरणम्माच्या बिल्ल्याचा प्रसंग काढला. अक्का आत बायकांत होती. मी तुमच्या रिकाम्या खुर्चीला पाठ लावून बसलो होतो. मीही मान हलवली.

त्या हललेल्या मानेपायी हे लिहायला बसलोय.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "आर्टिस्ट, मुद्द्यावर ये." येतो. पण तुम्हाला ठाऊक आहे, मला पाटीवर अक्षर काढण्याआधी खडूनं रेघा मारून घ्याव्या लागतात. थोडं थांबा.

आर्टिस्ट हे नाव तुम्हीच पाडलंत. अक्काच्या लग्नात मांडवाच्या दारावरची पाटी मी रंगवली होती. तेव्हा मी पोरगाच होतो. सुरुवातीची अक्षरं भोपळ्याएवढी झाली आणि शेवटच्याला जागाच उरली नाही, म्हणून ते बिचारं कोपऱ्यात अंग चोरून उभं होतं. तुम्ही नवरदेव, फेटा बांधून आलात, दारात थांबलात, पाटी वाचलीत, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर विचारलंत, "हा आर्टिस्ट कोण? त्याला म्हणावं, पावण्यांना तरी आत जागा ठेव." मी मांडवामागं जाऊन रडलो होतो. अक्कानं पुढं कैकदा सांगितलं, की तिला तिथंच कळलं, हा माणूस जन्मभर आपल्या भावाला सोडणार नाही. तिचं खरं झालं. तुम्ही मला सोडलं नाहीत.

पुढं मी खरोखरच पेंटर झालो. भालकीच्या बाजारात मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही लिप्यांत पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळायला लागल्यावर हातानं अक्षर काढून घेणार कोण? त्याच सुमाराला माझी बायको गेली, मंदा. मी घरात बसायला लागलो. जेवायला अक्काचा निरोप यायचा, मी जायचो नाही. तेव्हा तुम्ही नुकतेच शाळेतून निवृत्त झाला होता. एके दिवशी दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, की घरच्या भिंती रंगवून झाल्या असतील तर जरा बारीक ब्रश घेऊन ये, काम आहे. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती, टोमणे मारायची होती.

काम म्हणजे तुमचा बिल्ल्यांचा डबा. बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा, त्यात तुम्ही स्काउटच्या मास्तरकीत जमवलेले मिन्याचे बिल्ले. शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी कुठली कुठली पोरं आणि मास्तर एकमेकांचे बिल्ले बदलून घेतात, तुझा दे, माझा घे, ही पद्धत तुम्ही सांगितल्यावर मला कळली. छोटी पितळी पाटी, तिच्यावर काचेसारखा चकाकणारा रंग, मागं पिन. किती तऱ्हा होत्या. डोंगर, होड्या, हत्ती, कुठल्या तरी देशाचं एक अस्वल. पण एका ओल्या पावसाळ्यात डबा कपाटाच्या तळाशी राहिला आणि अर्ध्या पिना गंजून गेल्या. काहींच्या मिन्याचे टवके उडाले होते. तुम्ही सगळे ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते आणि आजारी पोरांकडं बघावं तसे बघत होता.

आपण शिकलो ते बिघडवून शिकलो. बाजारातल्या सोनाराकडं तुम्ही आठवडाभर नुसते जाऊन बसलात, शेवटी तो म्हणाला, मास्तर, एक तर दागिना करा न्हाईतर मला करू द्या. पण तुम्ही बघायचं ते बघून आला होता. पिन पाटीला धरून ठेवणारा कथलाचा ठिपका, त्याला तुम्ही त्याच्यासारखंच टाका म्हणायला लागलात. टाका द्यायचा म्हणजे मागून ज्योत लावायची, आणि ज्योत लावली की पुढचा मिना तडकायची भीती. त्यावर तोड तुम्ही काढलीत. जोंधळ्याच्या पिठाचा ओला गोळा करायचा, बिल्ला त्यात पालथा दाबून बसवायचा, म्हणजे पुढची बाजू गार राहते आणि मागं टाका बसतो. अक्का भाकरीला बसली की तुम्ही मांजरासारखे स्वयंपाकघरात जायचात आणि परातीतला गोळा तोडून आणायचात. ती म्हणायची, एखाद दिवशी पावण्याच्या भाकरीत बिल्ला निघंल, मग बसा स्काउट शिकवत.

टवके भरायचं काम माझं. दोन नळ्यांतला चिकट रस एकत्र घोटायचा, त्यात रंग मिसळायचा, बारीक ब्रशानं खळग्यात सोडायचा आणि धूळ बसू नये म्हणून वर वाटी उपडी घालून ठेवायची. मला वाटायचं, सगळे टवके भरावेत, बिल्ला नवा दिसावा. तुम्ही मात्र बिल्ला आणणाऱ्याला आधी विचारायचात, हा टवका कसा उडाला? त्याला सांगता आलं तर तुम्ही म्हणायचात, मग तो राहू द्या, तो तुमचा आहे. सांगता आलं नाही तरच बिल्ला माझ्याकडं यायचा. किती सुंदर खळगे तुम्ही माझ्या हातून काढून घेतलेत या एका प्रश्नानं. तेव्हा राग यायचा. आता मीही विचारतो.

बाहेरचे बिल्ले कसे यायला लागले ते तुम्हालाही नीट सांगता आलं नसतं. तुमच्या कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर फोटो फिरवले. मग उदगीरचा एक आला, कलबुर्गीचा नाणी जमवणारा आला, हैदराबादहून डब्या यायला लागल्या. तुमची ओसरी म्हणजे बिल्ल्यांचा दवाखाना झाली. मास्तर डॉक्टर आणि मी कंपाउंडर, असं सगळे म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, कंपाउंडर नव्हे, ब्यूटी पार्लर.

आता त्या भांडणाकडं येतो, कारण सगळं तिथंच आहे.

पिन बिल्ल्याच्या मागं कुठं लावायची? मी पाट्या रंगवण्यात आयुष्य काढलेला माणूस. माझ्या मते एकच जागा, मधोमध. मी फुटपट्टी घेऊन बसायचो. तुम्ही फुटपट्टीला हातही लावत नव्हता. बिल्ला बोटावर तोलायचात, घेऊन जाणाऱ्याला विचारायचात की कशावर लावणार, कोटावर, शर्टावर की पदरावर, आणि मग कुठं तरी लावायचात. कधी मधोमध, कधी बरीच वर. मी म्हणायचो, हे अंदाजपंचे काम आहे. तुम्ही एकदा वैतागून म्हणालात, "पाटी भिंतीवर असती, आर्टिस्ट. बिल्ला माणसावर असतो." मला ते मास्तरी बोलणं वाटलं. मी अक्काला म्हणालो, दाजींना सरळ लावता येत नाही म्हणून तत्त्वज्ञान सांगायलेत. तुम्ही आतून ऐकलंत आणि खोकलात. भांडण तिथंच राहिलं, वर्षानुवर्षं, रोज थोडं थोडं. चहाबरोबर घ्यायचं.

तुमच्या हाताला कंप सुटला तो याच काळात. कपातला चहा बशीत पडायचा. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. पण मी समोर बसायचो, मी एक गोष्ट पाहिली होती जी दुसऱ्या कुणी पाहिली नाही. चिमटा हातात घेतला की कंप थांबायचा. टाका देऊन होईपर्यंत हात दगडासारखा. चिमटा खाली ठेवला की पुन्हा सुरू. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी काय केलं, ते ऐका.

शरणम्माचा बिल्ला. कमलनगरात खानावळ चालवणारी शरणम्मा, तुमच्या वीरप्पाची बायको. वीरप्पा तुमच्या पहिल्या तुकडीतला. तो गेल्यावर तिनं त्याचा बिल्ला आणून तुमच्यासमोर ठेवला. गोल, जड, मोरपंखी निळा, मध्ये पांढरा पक्षी. शिबिरात कुणाशी तरी बदलून घेतलेला, आणि लग्नात त्यानं तो कोटावर लावला होता. पिन तुटली होती. कडेला एक बारीक टवका होता. तुम्ही नेहमीचा प्रश्न विचारलात. ती लाजली. म्हणाली, हार घालताना दोरा अडकला, ह्यांनी हिसका मारला, तवाचा हाय. मग तो टवका राहिलाच. ती म्हणाली, पदरावर लावीन. येळवशीला तुमच्या खटकचिंचोळीच्या रानात जेवायला येणारच होती, तिथंच न्यायचं ठरलं.

आदल्या दिवशी दुपारी तुम्ही टाका दिलात. मी समोर होतो. हात हलला नाही.

येळवशीच्या सकाळी घरात काय धांदल असते ते तुम्हाला सांगायला नको. भज्जीचं पातेलं, आंबिलाचं मडकं, खीर, उंडे, सगळं जीपमध्ये चढत होतं. तुम्ही पुढच्या सीटवर बसून बाराबंदीतल्या सरदारासारखे हुकूम सोडत होता. मी बिल्ला न्यायला ओसरीवर गेलो. डबीत घालण्याआधी सवयीनं पालथा केला. पिन मधोमध नव्हती. मुगाच्या दाण्याएवढी वर होती.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो. आनंद झाला. दाजींचा हात चुकला, आणि मला सापडलं. दुसरं आलं ते बरं होतं: शरणम्मानं बघायच्या आत मी गुपचूप सरळ करून टाकीन, दाजींचं नाव राहील. दोन्ही खरं आहे. पण पहिलं आधी आलं होतं.

टाका विरघळवून पिन जरा खाली सरकवायची, एवढंच काम. मी आत जाऊन अक्काला पिठाचा गोळा मागितला. ती म्हणाली, सगळं पीठ उंड्यात गेलंय, उकडलेला उंडा देऊ का? बायका हसल्या. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला पीठ कशाला. बिल्ला तसाच फरशीवर पालथा ठेवला आणि मागून ज्योत धरली. घाईची, मोठी ज्योत.

तव्यावर मिठाचा खडा उडावा तसा आवाज झाला.

मी उलटून पाहिलं. पांढऱ्या पक्ष्याच्या पोटातून निळ्यापर्यंत तडा गेला होता आणि एक तुकडा सुटून हलत होता. पिन होती तिथंच राहू दिली, तुकडा बोटानं जागेवर दाबला, बिल्ला कापसात ठेवला, डबी बंद केली आणि जीपमध्ये बसलो. तुम्ही विचारलंत, "घेतलास का?" मी म्हणालो, "घेतलो."

रानात पूजा झाली. कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली. तुम्ही उठून शरणम्माला बोलावलंत, सगळ्यांसमोर डबी उघडलीत, आणि तुकडा तुमच्या बोटांतून खाली काळ्या मातीत पडला. सगळी माणसं जेवण टाकून शोधायला लागली. पोरं, बायका, जीपवाला, सगळे जोंधळ्याच्या धाटांत वाकलेले. मीही वाकलो. सापडला नाही. तुम्ही एकटे उभे होता, बिल्ला तळहातावर घेऊन. चिमटा नव्हता, म्हणून तुमचा हात कापत होता, आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

तुम्ही म्हणालात, "हात माझा व्हता, शरणम्मा. टाका देताना जास्त तापला असंल. रात्रीतून तडकला. चूक माझी हाय."

ती म्हणाली, "होगली बिड्री, मास्तर." जाऊ द्या म्हणाली. तिनं बिल्ला तसाच पदराला लावला. कुणीतरी वातावरण हलकं करायला म्हणालं, की मास्तर, आंबिलाची वाटी तरी धरता येतीय का बगा. सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि वाटी दोन्ही हातांनी धरलीत.

मी तुमच्या शेजारीच बसलो होतो, दाजी. माझ्या हातात माझी वाटी होती. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी त्यावर आंबिल प्यालो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा माझ्यापुढं सरकवलात. ज्योत, चिमटे, कथील, सगळं. म्हणालात, मागचं-पुढचं दोन्ही आता तुझं. मला वाटलं, चार दिवसांनी मागाल. मागितलं नाहीत. माणसांनी म्हणायला सुरुवात केली, मास्तरांचा हात गेला, पेंटरकडं द्या. आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. लग्नातल्या त्या पाटीपासून मी तुमच्या हाताखालचा होतो, आता लोक माझं नाव विचारत येत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

हात गेला असं तुम्ही एकदा मानलंत आणि मग त्याच्याकडून सगळीच कामं काढून घेतलीत. पत्ता लिहायचा असला की पेन दुसऱ्याकडं द्यायचात. अक्काला सुईत दोरा ओवून देणं बंद. दाढीसुद्धा न्हाव्याकडं. मीच तुम्हाला न्यायचो. आरशात तुम्ही तोंडाकडं न बघता मांडीवरच्या हाताकडं बघायचात. एकदा मी धीर करून "दाजी" म्हणालो. तुम्ही आरशातून "काय" म्हणालात. मी म्हणालो, वस्तरा बोथट दिसतोय. न्हावी माझ्यावर चिडला. तुम्ही खूप हसलात, आणि माझी संधी गेली. खरं तर मी ती घालवली.

तरी त्यानंतर तुम्ही जाईपर्यंतच्या दोन वर्षांत तुम्ही मला एकदाही उणं बोलला नाहीत. ओसरीवर येऊन बसायचात, मी काम करताना बघायचात. मी पिना मधोमध लावत होतो, फुटपट्टी धरून. तुम्ही फक्त म्हणायचात, छान सरळ आहे. जिंकलेलं भांडण इतकं बेचव असतं हे मला ठाऊक नव्हतं.

आपली शेवटची भेट तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. लग्नाला निघाला होता कुणाच्या तरी. तुम्ही मनगट पुढं केलंत, बाहीचं बटण लावायला. मी लावलं. तुम्ही म्हणालात, "मधोमध लागलं का बग, आर्टिस्ट." मी म्हणालो, लागलं.

आपल्या लिंगायत रीतीनं समाधीला बसवलं तेव्हा तुमच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. मी खड्ड्याच्या काठावरून त्या हाताकडं बघत होतो. स्वामी मंत्र म्हणत होते. तिथं तरी बोलायचं होतं. पण तुम्हाला ऐकू न येण्याआधीची सगळी वर्षं जो बोलला नाही, त्यानं तिथं ओरडून काय मिळवलं असतं?

मग परवाची ती सतरंजी. घरी आलो आणि माझ्या लक्षात आलं, की आता ही गोष्ट पक्की होत चाललीय. तुमची नातवंडं हीच सांगतील. आजोबा बिल्ले दुरुस्त करायचे, मग त्यांचा हात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काकडं गेलो. ती चुलीपाशी होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं हातातली भाकरी थापून पुरी केली. मग म्हणाली, "पीठ मागितलं व्हतंस तू." मी व्हय म्हणालो.

"मी हसले व्हते," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली. "दोन वर्सं त्या मानसानं सोताच्या हातानं दाढी केली न्हाई, मान्या. आन तू रोज म्होरं बसून चा प्यायलास."

मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला शिव्या देईल, आणि मग थोडं हलकं होईल. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्यापुढं ताट सरकवलं, माझ्याकडं न बघता. मी जेवलो. उठताना ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? ज्यांच्यासमोर गप बसलास त्यांच्यासमोर बोल."

म्हणून काल कमलनगरला गेलो. येळवशीच्या त्याच जीपमध्ये, त्याच जीपवाल्यासोबत. दुपारची वेळ, खानावळ भरलेली. शरणम्मा गल्ल्याशी उभी होती. पदरावर तुमचा बिल्ला. मी दारातच थांबलो, दाजी, कारण मला तो पहिल्यांदा नीट दिसला. पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पदर, आणि त्यावर तो जड पितळी बिल्ला ताठ उभा. माझे बिल्ले पदरावर मान टाकतात. बायका परत आणून दाखवतात, पेंटर, हा खाली बघतोय. मी दोन वर्षं कापडाला दोष देत होतो. पिन वर लावली की जड बाजू खाली राहते आणि बिल्ला सरळ बसतो, एवढी साधी गोष्ट. तुम्ही तिला विचारलं होतं, कशावर लावणार. ती म्हणाली होती, पदरावर. मी तिथंच बसलो होतो की.

म्हणजे हात चुकलाच नव्हता. मी जी चूक दुरुस्त करायला ज्योत लावली ती चूकच नव्हती.

मग मी सांगितलं. मोठ्यानं, कारण हळू सांगितलं असतं तर अर्ध्यातच थांबलो असतो. येळवशीची सकाळ, पीठ, ज्योत, आवाज, डबी. जेवणारे थांबले. जीपवाला माझ्यामागं उभा होता, तो म्हणाला, मंजी मी हॉर्न वाजवत व्हतो तवा? मी म्हणालो, तेव्हाच.

शरणम्मा म्हणाली, "मास्तर त्यानंतर माझ्या दारात आले व्हते माफी मागायला. बसनं आले, यकटे. मी म्हनले, कामून एवढं मनाला लावून घ्यायलाव? तर म्हनाले, वीरप्पाची वस्तू व्हती. हे तुमाला ठाव व्हतं का?"

नव्हतं. तुम्ही एकटे बसनं कमलनगरला गेलात, कापणारा हात घेऊन, मी केलेल्या गोष्टीची माफी मागायला. मी हात जोडले आणि म्हणालो, मग आता मी मागतो. ती म्हणाली, "माझी कामून? माझा बिल्ला चांगला बसलाय. त्यांची मागा."

कोपऱ्यात जेवणारा एक म्हातारा सगळं ऐकत होता. त्यानं ताटातली भाकरी मोडली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "मंजी मास्तरांचा न्हाई, पेंटरचा हात गेला म्हनायचं." दोघं-तिघं हसले. शरणम्मानं त्याच्याकडं डोळे वटारले.

मी म्हणालो, "व्हय. तसंच म्हना."

दाजी, मला माफ करा. तुमचा हात शेवटपर्यंत चांगला होता. दाढी करता आली असती, पत्ते लिहिता आले असते, अक्काला दोरा ओवून देता आला असता. ती दोन वर्षं मी घेतली आणि ती मला परत करता येत नाहीत. जीपवाला बोलका माणूस आहे. आठवड्याभरात भालकीपासून औरादपर्यंत प्रत्येक थांब्यावर हे सांगून झालेलं असेल. मी त्याला थांबवलेलं नाही.